शॅक बंद, कॅसिनो बंद. मग क्लब चालणार कशावर?

फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर २० मार्च २०२२ ला हैदराबाद आणि केरळा ब्लास्टर्स यांच्यात आयएसएलचा अंतिम सामना झाला, तेव्हा तिथल्या गॅलरीत दोन वर्षांनी प्रेक्षक दिसले. याच मैदानावर १४ मार्च २०२० रोजी एटीके आणि चेन्नईयन यांचा अंतिम सामना रिकाम्या खुर्च्यांसमोर उरकला होता. मधल्या काळात आयएसएलचे दोन अख्खे हंगाम गोव्यातच झाले. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन मैदानांवर दर हंगामात ११५ सामने. एवढा फुटबॉल गोव्याने एका दमात कधी पाहिला नव्हता, आणि बघायला आत कुणाला सोडतही नव्हते.

याच दोन वर्षांत गोव्याच्या स्वतःच्या क्लबांची खेळाडू घेण्याची, किंवा असलेले खेळाडू राखण्याची ऐपत मात्र घसरली. २०१९-२० मध्ये साखळी फेरीत पहिला आलेला एफसी गोवा २०२१-२२ मध्ये ११ संघांत नववा आला. हे फक्त मैदानावरचे अपयश म्हणून सोडून देता येत नाही. त्यामागे पैशाचा हिशेब आहे, आणि तो पणजीच्या कार्यालयापासून मांद्रे, मोरजी, हरमलच्या मैदानापर्यंत एकाच सुताने जातो.

तीन नळ

फुटबॉल क्लबाला पैसा तीन नळांतून येतो. तिकीट, टीव्ही-प्रायोजक आणि मालकाचा खिसा. युरोपात पहिले दोन नळ मोठे. कोविडने पहिला पूर्ण बंद केला आणि दुसरा बारीक केला. युरोपातील क्लबांना दोन हंगामांत मिळून सुमारे ७ अब्ज युरोचा फटका बसला, असे युएफाने फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केले. खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीचे फिफाचे आकडेही तेच सांगतात. २०१९ मध्ये ट्रान्सफर फीपोटी ७.३५ अब्ज डॉलर मोजले गेले. २०२० मध्ये ५.६३ अब्ज, आणि २०२१ मध्ये आणखी खाली, ४.८६ अब्ज. म्हणजे पहिल्या वर्षापेक्षा दुसरे वर्ष वाईट. आधीच्या वर्षात उधारीवर, हप्त्यावर धकले. दुसऱ्या वर्षी हप्ते फेडायची वेळ आली आणि तिजोरीत काही नव्हते.

बार्सिलोनाचे उदाहरण आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. क्लबावर १३५ कोटी युरोचे कर्ज असल्याचे अध्यक्ष लापोर्ता यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले. त्याच्या काही दिवस आधी मेस्सी रडत रडत निघून गेला होता. त्याला ठेवायचे नव्हते असे नाही. स्पॅनिश लीगच्या पगारमर्यादेत तो बसत नव्हता. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. दशावतार बघून वाढलेल्या पेडणेकराला हे वेगळे सांगायला नको.

पण युरोपातही सगळ्यांचे हात आखडले नाहीत. सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूकॅसल घेतला आणि जानेवारीच्या बाजारात तो क्लब मोकळ्या हाताने खर्च करत होता. ज्याच्या मालकाचा धंदा कोविडने बुडाला नाही, त्याला हा काळ स्वस्ताईचा ठरला. खरी गोम इथेच आहे, आणि गोव्याची गोष्ट समजून घ्यायची तर हीच गोम पकडावी लागते.

भारतात पहिले दोन नळ मुळातच थेंब थेंब वाहतात. तिकिटाच्या पैशावर चालणारा क्लब आयएसएलमध्ये शोधून सापडणार नाही. इथे क्लब चालतो तो मालकाच्या दुसऱ्या धंद्यावर. तो धंदा चालू असेल तर क्लब चालू.

मुंबईने उचललेला संघ

एफसी गोवाने २०१९-२० मध्ये साखळीत पहिले स्थान घेतले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीचे तिकीट मिळवले. त्या मोसमाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ह्युगो बूमूस, ११ गोल आणि १० असिस्ट. काही महिन्यांतच बूमूस मुंबई सिटीकडे गेला. करारात लिहिलेली रिलीज क्लॉजची रक्कम मुंबईने मोजली. ती १.६ कोटी रुपये असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. त्याच्याबरोबर बचावातला मुर्तदा फॉल, मधल्या फळीतला अहमद जाहू आणि पहिल्या मोसमापासून गोव्यासाठी खेळलेला, गोव्याचाच मंदार राव देसाई हेही मुंबईला गेले. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना गोव्याने हंगाम संपण्याआधीच काढले होते. त्यांना मुंबईने घेतले. मार्च २०२१ मध्ये याच मुंबईने फातोर्ड्यावर आयएसएल जिंकली. गोव्याच्या मैदानावर, गोव्याने घडवलेल्या खेळाडूंनी, दुसऱ्याच्या जर्सीत.

मुंबईकडे एवढा पैसा ऐन कोविडात कुठून आला? नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीने, म्हणजे अबू धाबीच्या पैशावर चालणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने, मुंबई सिटीचे ६५ टक्के भागभांडवल घेतले होते. त्या पैशाचा गोव्याच्या किंवा मुंबईच्या लॉकडाऊनशी संबंधच नव्हता.

आणि एफसी गोवाचा पैसा? सहमालक जयदेव मोदी हे डेल्टा कॉर्पचे अध्यक्ष. मांडवीत उभ्या असलेल्या डेल्टिन कॅसिनोंची ही कंपनी. संघाच्या जर्सीवर डेल्टिनचे नाव सगळ्यांनी पाहिले आहे. कॅसिनो मार्च २०२० च्या मध्याला बंद झाले ते १ नोव्हेंबरला निम्म्या क्षमतेने उघडले. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ च्या अखेरीस पुन्हा बंद, ते थेट २० सप्टेंबरला सुरू. सतरा-अठरा महिन्यांत वर्षभराहून अधिक काळ टाळे. बूमूसचा सौदा झाला तेव्हा मांडवीतले कॅसिनो बंदच होते.

इथे उडी मारून 'कॅसिनो बंद म्हणून बूमूस गेला' असे म्हणणे चुकीचे ठरेल. रिलीज क्लॉज एकदा करारात आले की समोरच्याने रक्कम मोजल्यावर क्लबाला नाही म्हणता येत नाही. खेळाडूने होय म्हटले की विषय संपला. शिवाय आयएसएलमध्ये तेव्हा संघाच्या पगारावर सुमारे साडेसोळा कोटींची मर्यादा असल्याने कुणी कितीही उधळू शकत नव्हते. पण गेलेल्यांच्या जागी गोव्याने कुणाला आणले ते पाहिले की चित्र उमगते. स्ट्रायकर इगोर अँगुलो आला तेव्हा ३६ वर्षांचा होता, पोलंडमधला करार संपल्यावर मोकळा झालेला. फी न देता मिळणाऱ्या, करार संपलेल्या परदेशी खेळाडूंवर संघाची भिस्त राहिली. निवड हुशारीची होती. अँगुलोने १४ गोल करून गोल्डन बूट घेतला. आणि वर्ष संपताच तोही मुंबई सिटीला गेला! डिसेंबर २०२१ मध्ये तर प्रशिक्षक हुआन फेरांडो यांना एटीके मोहन बागानने हंगामाच्या मध्यातच उचलले, तेही रिलीज क्लॉजची रक्कम भरून. गोवा शोधतो, घडवतो. ज्याच्याकडे रोकड आहे तो घेऊन जातो.

रोकड नसली की बाजारात देवाणघेवाण सुरू होते. कोविडच्या पहिल्या उन्हाळ्यात बार्सिलोना आणि युव्हेंटसने आर्थर आणि प्यानिच यांची अदलाबदल केली. कागदावर कोट्यवधी युरो, हातात फारसे काही नाही. आपल्याकडे जानेवारी २०२१ च्या अखेरीस एफसी गोवा आणि एटीके मोहन बागानने तेच केले. लेनी रॉड्रिग्स कोलकात्याला, ग्लॅन मार्टिन्स गोव्याला. दोघेही गोंयकार. हा सौदा गोव्याला वाईट पडला असे नाही, पण त्या जानेवारीत बाजार कसा चालला होता ते त्यातून कळते.

पेडणेकरांसाठी या कॅसिनोच्या पैशाला आणखी एक पदर आहे. याच डेल्टाचा मोठा प्रकल्प पेडणे तालुक्यात धारगळला प्रस्तावित होता, आणि तिळारीच्या पाण्याखालच्या जमिनीवरून त्याला विरोधही झाला होता. ज्या संघासाठी पोरे केशरी जर्सी घालून फातोर्ड्याला जातात आणि ज्या प्रकल्पाविरुद्ध त्यांचे बाप ग्रामसभेत उठले, त्यांच्या मागचे नाव एकच. यात कुणी बरोबर कुणी चूक हा इथला मुद्दा नाही. गोव्याचा सर्वांत मोठा क्लब कोणत्या धंद्याशी बांधला गेलाय, ते मात्र माहीत असायला हवे.

आधी खाणी, मग कॅसिनो

कारण हे पहिल्यांदा होत नाही. धेंपो, साळगावकर ही नावे देशाला फुटबॉलमुळे माहीत झाली, पण ती घराणी खाणवाली. धेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा देशाचे अजिंक्यपद आणले, साळगावकरने दोन वेळा. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लिजा रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा ठप्प. मधल्या काळात, २०१६ मध्ये, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले.

यालाही एकच कारण लावू नये. धेंपोने आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता, आणि २०१६ ला तर संघ द्वितीय विभाग जिंकून वर आला होता. आयएसएलला अव्वल लीग करून आय-लीगला खाली ढकलण्याचा महासंघाचा आराखडा या क्लबांना मान्य नव्हता, हे त्यांचे उघड कारण होते. पण खालच्या पातळीवर, डिचोली-सत्तरीच्या गावांत, खाणबंदीचा फटका सरळ होता. ट्रकवाले, बार्जवाले, मशीनवाले हेच तिथल्या स्पर्धांचे देणगीदार. ट्रक अंगणात उभे राहिले, चषक बंद झाले. साखळीच्या सेसा फुटबॉल अकादमीसारखी संस्था टिकली, ती कंपनीच्या छत्राखाली आहे म्हणून. आदिल खानसारखा आंतरराष्ट्रीय खेळाडू या अकादमीतून आला आहे.

खाणपट्ट्याला २०१२ मध्ये जो धडा मिळाला तो किनारपट्टीला २०२० मध्ये मिळाला, इतकेच.

वार्क्याच्या चर्चिल ब्रदर्सची तऱ्हा थोडी वेगळी. आलेमाव कुटुंबाचा क्लब, कुटुंबाच्या जोरावर चालणारा. २०२०-२१ ची आय-लीग पश्चिम बंगालमध्ये बबलात झाली आणि चर्चिल शेवटच्या दिवसापर्यंत शर्यतीत राहिला. गोकुळम केरळाइतकेच २९ गुण. परस्परांतल्या निकालांवर चषक गेला. त्या संघाचा मुख्य गोलकर्ता लुका माय्सेन पुढच्या मोसमात कुठे गेला? गोकुळमला. २०२१-२२ मध्ये त्यांच्याच जर्सीत गोल करत होता. हातातोंडाशी आलेला घास गेला आणि वाढपीही गेला.

मांद्रेचा हिशेब

पेडणे तालुक्याने राष्ट्रीय लीगमध्ये खेळलेला क्लब दिलेला नाही. सासष्टी, वास्कोची फुटबॉलची परंपरा इथे नाही. इथे क्रिकेट आणि कबड्डीही तेवढीच चालते. पण भात कापले की शेतात, एरवी पंचायतीच्या किंवा शाळेच्या मैदानावर, संध्याकाळी समुद्र ओसरला की जुनसवाड्याच्या वाळूत, फुटबॉल दिसतोच. गावातला क्लब म्हणजे कंपनी नव्हे. पाच-सहा जाणती माणसे, एक वही, जर्सीचा एक संच आणि दोन चेंडू. खर्चही ठरलेले. नोंदणी, रेफ्रीचे मानधन, सामन्याला जायची गाडी, पोरांना खायला काहीतरी. बाहेरच्या गावातून दोन बरे खेळाडू बोलावले तर त्यांचा हात ओला करणे, हीच गावची 'ट्रान्सफर फी'.

हे पैसे कोण देतो? किनारपट्टीच्या गावांत शॅकवाला, गेस्टहाऊसवाला, भाड्याने दुचाक्या देणारा, टॅक्सीवाला. कुणी जर्सी देतो, कुणी पहिल्या बक्षिसाची रक्कम. मार्च २०२० मध्ये चार्टर विमाने थांबली तेव्हा हा सगळा वर्ग एकदम बसला. २०२०-२१ चा मोसम देशी पर्यटकांवर कसाबसा निघाला, तोवर दुसरी लाट आली. २०२१ च्या अखेरीस परदेशी पाहुणे दिसू लागले तर ओमिक्रॉन. आणि मग २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल हा पट्टा रशियन पाहुण्यांवर किती अवलंबून आहे ते इथल्या पाट्यांवरची रशियन अक्षरेच सांगतात. रशियन विमानसेवा बंद पडली, रशियन बँकांची व्हिसा-मास्टरकार्डे परदेशात चालेनाशी झाली. ज्या युद्धामुळे लंडनमध्ये अब्रामोविच यांच्यावर निर्बंध आले आणि चेल्सीला नवीन तिकीट विकता येईना की खेळाडू घेता येईना, त्याच युद्धाने मोरजीच्या शॅकवाल्याचा मार्चही खाल्ला. आकड्यांत तुलना नाही. पण एका माणसाच्या उत्पन्नावर क्लब टेकला की काय होते, ते दोन्हीकडे सारखेच.

दुसरा देणगीदार म्हणजे राजकारणी. फेब्रुवारी २०२२ मध्ये विधानसभा निवडणूक होती, त्यामुळे जर्सी आणि किटबॅगा त्या वर्षी बऱ्याच ठिकाणी पोचल्या. निकाल १० मार्चला लागला. पुढची किटबॅग कधी ते वेगळे सांगायला नको.

सीमेपलीकडच्या मुलांचे तर आणखी हाल झाले. सावंतवाडी, बांदा, शिरोडा, दोडामार्गकडची पोरे कामासाठी गोव्यात येतात, त्यातली काही खेळायलाही. पत्रादेवी आणि सातार्ड्याचे नाके आधी बंद, मग पासवर. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविड निगेटिव्ह दाखल्याशिवाय गोव्यात प्रवेश नव्हता. नोकरीसाठी चाचणी करून येणारा माणूस संध्याकाळच्या सामन्यासाठी चाचणी करत नाही.

कोल्हापूरशी तुलना केली तर फरक कळतो. तिथे पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ असे पेठांचे संघ. शाहू स्टेडियमवर लोक तिकीट काढून येतात. कोविडात तिथेही सगळे थांबले, आणि गर्दीवर जगणाऱ्या फुटबॉलला गर्दीबंदी जास्त झोंबली. पण प्रेक्षक परतला की त्याच्याबरोबर पैसाही परततो. गोव्याच्या किनारपट्टीवर आधी चार्टर उतरायला हवे, मग शॅक चालायला हवा, मग त्यातून चेंडू. साखळी लांब आहे आणि तिची एकही कडी फुटबॉलवाल्यांच्या हातात नाही.

दोन वर्षे मोठी झालेली पोरे

वरच्या पातळीवर कोविडने एक चांगली गोष्टही घडवली, ती नाकारू नये. महागडे खेळाडू परवडेनासे झाले, आणि २०२१-२२ पासून मैदानावर चारच परदेशी असा नियमही आला. त्यामुळे देशी तरुणांना जागा मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला, तेव्हा अल रय्यान, अल वाहदा, पर्सेपोलिस यांच्यासमोर गोव्याची तरुण पोरे उभी होती. तीन सामने बरोबरीत सुटले. तिजोरीच्या मानाने हा निकाल मोठा होता. ऑक्टोबरमध्ये ड्युरँड चषकही आला.

पण ही पोरे कोविडच्या आधी घडलेली. मार्च २०२० मध्ये १६ वर्षांचा असलेला मांद्रेचा किंवा डिचोलीचा मुलगा मार्च २०२२ मध्ये १८ चा झाला. वयोगटाच्या स्पर्धांत निवडकर्त्यांच्या नजरेत येण्याची त्याची दोन वर्षे गेली. मेस्सीला नवा क्लब दोन दिवसांत मिळाला. या मुलाला कुणी पाहिलेलेच नव्हते. त्यातले काही तेव्हा मोपाच्या विमानतळाच्या बांधकामावर, काही हॉटेलात, काही डिलिव्हरीच्या दुचाकीवर होते. बूट घराच्या माळ्यावर.

आणि वरच्या खरेदी-विक्रीतून गावाला काही मिळते का? फिफाच्या नियमाप्रमाणे करार चालू असताना खेळाडू फी घेऊन देशाबाहेर विकला गेला, तर त्या फीतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वर्षांच्या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे असतात. वाचायला झकास. पण भारतीय खेळाडू फी घेऊन परदेशात विकला जाणे हेच दुर्मीळ, आणि देशात बहुतेक जण करार संपल्यावर मोकळेच दुसरीकडे जातात. शिवाय हक्क सांगायला कागद लागतो. मुलगा कोणत्या वर्षी कोणत्या क्लबाकडे नोंदलेला होता याची गोवा फुटबॉल संघटनेकडची नोंद. अनेक गावांत पोरगा एका क्लबाकडून खेळतो आणि नाव दुसरीकडेच असते, किंवा कुठेच नसते. नोंदणीचे काम फुकटात होण्यासारखे आहे. त्यासाठी ना चार्टर लागते, ना कॅसिनो.

२७ मार्च २०२२ पासून आंतरराष्ट्रीय विमानसेवा नियमित सुरू झाली. पण तोवर शॅकचा मोसम संपत आलेला होता. मे अखेर झावळ्या उतरणार होत्या. एफसी गोवाला नवा प्रशिक्षक ठरवायचा होता आणि जूनमध्ये देशातला ट्रान्सफर बाजार उघडणार होता, तेव्हा मांडवीतले कॅसिनो पूर्ण क्षमतेने चालू राहिले तर क्लबाच्या हातात थोडे बळ असणार होते. मांद्रेच्या शेतात त्या वेळी तरवा लावायची गडबड चालू होणार होती आणि मैदान पावसाळाभर बंद. गावच्या क्लबांच्या वह्या पुन्हा उघडणार होत्या त्या चवथ झाल्यावर, ऑक्टोबरात पहिले चार्टर उतरते की नाही ते बघून.